बाजार वाटेच्या मागे जातो

लासलगावचा कांदा आपल्या बेटावरील मराठी घरांना परका नाही. डिसेंबर २०२३ मध्ये भारत सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा आपल्या स्वयंपाकघरांतून तिची चर्चा झाली. पुढे २०२४ च्या प्रारंभी काही देशांपुरती सवलत मिळाली आणि तीत मॉरिशसच्या वाट्याला १२०० टन कांदा आला, हेही पुष्कळांना आठवत असेल. मे २०२४ मध्ये बंदी उठली आणि विषय मागे पडला. दिल्लीने काय करावयास हवे होते, नाशिकच्या शेतकऱ्याचे काय झाले, यावर सर्वांचे बोलून झाले. परंतु बंदरात उतरलेला कांदा आपल्या घरातील टोपलीपर्यंत कोणत्या वाटेने येतो, त्या वाटेवर बाजार कोठे बसतो आणि तो तेथेच का बसतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. भावाच्या घडणीत या वाटेचाही हात असतो आणि बाजार कोणाच्या आवाक्यात राहील हेही तीच ठरवते. म्हणून या आठवड्यात तिच्याविषयी लिहावे असे आम्हांस वाटले.

त्यासाठी वाचकांना आम्ही थोडे दूर, मस्कत शहराच्या अल मवालेह या उपनगरात नेणार आहोत. ओमान आणि मॉरिशस यांची तुलना कशाला, असे कोणी विचारील. पण भारताचा कांदा तेथेही जातो, नोकरीधंद्यासाठी गेलेली मराठी कुटुंबे तेथेही आहेत, आणि बाजार रस्त्याच्या मागे कसा जातो हे त्या देशाने एका माणसाच्या आयुष्यात पाहिले आहे. आपल्याकडे याच गोष्टीला दीडशे वर्षे लागली, त्यामुळे ती आपल्या सहज लक्षात येत नाही.

१९७० साली साऱ्या ओमानात डांबरी रस्ता होता तो जेमतेम दहा किलोमीटर. मस्कतचा व्यापार तेव्हा मत्रहच्या खाडीला चिकटून होता. जहाजे तेथे लागत आणि गोदीपासून चार पावलांवर बाजार होता. कच्छचे भाटिया व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या तेथे पेढ्या चालवीत आले. माल जहाजातून उतरून माणसाच्या पाठीवर किंवा गाढवावर दुकानात जात असे. ज्या काळी ओझे पाठीवरून न्यावे लागते, त्या काळी बाजार बंदरापासून दूर जाऊच शकत नाही. मत्रहच्या अरुंद गल्ल्या तशा आहेत त्या याच कारणाने. १९७४ मध्ये तेथे सुलतान काबूस बंदर सुरू झाले, आणि मत्रहचे महत्त्व आणखी काही दशके टिकले.

परंतु मस्कतची जमीन विलक्षण आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला उघडे बोडके डोंगर, मधे चिंचोळी पट्टी. शहर वाढायचे तर पश्चिमेकडे, किनाऱ्याच्या दिशेनेच वाढावे लागले. १९७३ मध्ये सीब येथे विमानतळ सुरू झाला. मत्रह-रुवीपासून विमानतळाकडे आणि पुढे बातिनाच्या मैदानाकडे जाणारा सुलतान काबूस रस्ता हा शहराचा कणा बनला. या कण्याला जेथे जेथे फाटे फुटले, तेथे तेथे वस्ती झाली. अल मवालेह हे त्यांतलेच एक, विमानतळाच्या पलीकडचे, सीब विलायतेतले उपनगर. मुख्य रस्त्याने त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग केले आहेत. पुढे डोंगराच्या बाजूने मस्कत एक्सप्रेसवे हा दुसरा मोठा रस्ता झाला, आणि अल मवालेहला दोन्ही राजरस्त्यांचा शेजार लाभला.

अशा जागी बाजार आला नसता तरच नवल. तेथे तो एक नव्हे, दोन प्रकारचे आले. एक होता भाजीफळांचा मध्यवर्ती बाजार. बातिनाच्या शेतांतून, शेजारच्या अमिरातीतून आणि बंदरांतून मालमोटारी येत, माल तेथे उतरे आणि लहान दुकानदार तो घेऊन शहरभर जात. दुसरे होते मस्कत सिटी सेंटर हे २००१ साली उघडलेले, एका छपराखाली शंभर दुकाने मांडणारे थंडगार व्यापारसंकुल. पहिला बाजार मालमोटारीसाठी होता, दुसरा घरच्या मोटारीसाठी. दोघांना हवे होते ते मात्र सारखेच: सपाट आणि विस्तीर्ण जमीन, गाड्या उभ्या करायला जागा, आणि हमरस्त्यावरून उतरायला सोपी वाट. जुन्या शहरात यांतले काहीही मिळणे शक्य नव्हते. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याला शहराबाहेरचा भाग म्हणत, तेथे खरेदीसाठी मस्कतकर तीस-पस्तीस किलोमीटर गाडी हाकीत येऊ लागला, कारण घरापासूनचे अंतर किती यापेक्षा वेळ किती लागतो याला महत्त्व आले होते.

यानंतर जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये मत्रहच्या बंदरातील व्यापारी मालवाहतूक बंद करून ती सोहारच्या बंदराकडे नेण्यात आली, आणि मत्रहचे बंदर पर्यटकांच्या जहाजांसाठी राहिले. सोहार हे मस्कतच्या वायव्येला, बातिना किनाऱ्यावर, कित्येक तासांच्या नव्हे पण दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहे. २०१८ मध्ये त्या किनाऱ्याला समांतर असा सुमारे २७० किलोमीटरांचा बातिना एक्सप्रेसवे पुरा झाला. आणि जून २०२४ च्या अखेरीस अल मवालेहचा घाऊक भाजीबाजार हलला. तो गेला बर्का विलायतेतील खझाईन या नव्या औद्योगिक नगरीत, 'सिलाल' नावाच्या बाजारात, त्याच बातिना एक्सप्रेसवेच्या काठाशी.

या तीन तारखा एका ओळीत ठेवून पाहिल्या म्हणजे अर्थ उलगडतो. आधी बंदर गेले, मग रस्ता झाला, मग बाजार गेला. बाजार हलवण्याची जी कारणे अशा वेळी सांगितली जातात, म्हणजे गर्दी, जागेची टंचाई, शीतगृहांची सोय, ती खोटी नसतात. पण आमच्या मते मूळ कारण एवढेच की, माल ज्या दिशेने येतो त्या दिशेला बाजार सरकतो. मत्रहहून अल मवालेहला आणि अल मवालेहहून खझाईनला, असा तो प्रत्येक खेपेस मालमोटारीच्या वाटेवर एक मुक्काम पुढे गेला आहे.

महाराष्ट्रातून आलेल्या वाचकांना किंवा मुंबईस जाऊन आलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. मुंबईचा घाऊक बाजार एके काळी बंदराजवळ, मस्जिद बंदर, भायखळा आणि क्रॉफर्ड मार्केट या भागांत होता. १९७३ मध्ये ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला. घाटावरून येणाऱ्या मालमोटारींना मुंबईच्या पोटात शिरण्याची गरज उरली नाही. १९८१ मध्ये कांदा-बटाट्याचा बाजार नव्या मुंबईत गेला, आणि १९९६ मध्ये भाजी व फळांचाही गेला. मधे १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकलगाडी पोचली. क्रम तोच होता, आधी पूल आणि मग बाजार.

पण मुंबईच्या कथेला एक शेपूट आहे, आणि तेच आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. घाऊक बाजार वाशीला गेला तरी दादर आणि भायखळा स्थानकांच्या आसपास पहाटेचा भाजीबाजार भरायचा थांबला नाही. याचे कारण साधे आहे. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार किंवा पदपथावर भाजी विकणाऱ्या बाईकडे टेम्पो नसतो. तिच्याकडे असतो लोकलचा पास. मुंबईच्या लोकलगाडीला मालाचा वेगळा डबा असतो, त्यात पाट्या ठेवून ती दादरला येते आणि परत जाते. म्हणून मोठा बाजार मालमोटारीच्या मागे गेला, तर लहान बाजार रेल्वेच्या स्थानकाशी राहिला. मधे एक हात वाढला, आणि त्या हाताची किंमत अखेर गिऱ्हाईकच देते. पण स्थानक नसते तर ती बाई धंद्यातूनच उठली असती.

मुंबईच्या उपनगरांतील किरकोळ बाजारही असाच स्थानकाच्या दारात वाढला आहे. दादरचा रानडे रोड घ्या, ठाण्याचा गोखले रोड घ्या, डोंबिवलीचा फडके रोड घ्या. संध्याकाळी गाडीतून उतरलेला माणूस घरी चालत जातो आणि जाता जाता भाजी, फुले, साखर, मुलांच्या वह्या घेतो. स्थानकाच्या ज्या अंगाला वस्ती अधिक, त्या अंगाचा रस्ता गजबजतो. जेथे एक गाडी सोडून दुसरी किंवा बस पकडावी लागते, तेथे माणसाला थांबावे लागते, आणि माणूस जेथे थांबतो तेथे दुकान चालते. यासाठी कोणी आराखडा काढलेला नसतो. पायी चालणारे गिऱ्हाईक एका वेळी हातातल्या पिशवीत मावेल एवढेच घेते आणि पुन्हा उद्या येते, त्यामुळे शंभर लहान दुकाने जगतात. मोटारीतून येणारे गिऱ्हाईक आठवड्याचे सामान एकदम भरते, त्यामुळे एकच मोठे दुकान जगते.

अल मवालेहला रेल्वेस्थानक नाही. साऱ्या ओमानात आजमितीस प्रवासी रेल्वे नाही. तेथील सार्वजनिक बसकंपनी १९७२ पासूनची असली, तरी शहरातील बससेवेने नवे रूप घेतले ते नोव्हेंबर २०१५ मध्ये, 'मवासलात' या नव्या नावाखाली, आणि तिचा पहिलाच मार्ग होता रुवी ते मबेला, म्हणजे अल मवालेहवरून जाणारा. त्याआधी मोटार नसलेल्या माणसाला लहान भाडोत्री बसगाड्या आणि वाटून घेतलेल्या टॅक्सी यांवरच भागवावे लागे. आता उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जातो अशा शहरात, हमरस्त्याच्या थांब्यावर उतरून, भाजीची पिशवी घेऊन, आठ-दहा गाड्यांच्या रांगांचा रस्ता ओलांडण्याचा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. तो रस्ता ज्यांच्या श्रमातून बांधला गेला त्यांतल्या पुष्कळांना त्याच्या काठचा बाजार गाठणे जड जाते. घरात एकच मोटार असते, ती नोकरीवर जाते, आणि घरच्या बाईला गल्लीतल्या लहानशा दुकानावर विसंबावे लागते. त्या दुकानातला टोमॅटो दोन पैसे महाग असतो. पण तो मिळतो पायी. अल मवालेहचे गल्लीदुकान अजून टिकून आहे ते याच जोरावर.

आता आपल्या बेटाकडे वळू. वाचकहो, आपली प्लेन विल्हेम्सची गावे कशी वाढली हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिले आहे. १८६४ मध्ये उत्तरेची रेल्वे सुरू झाली आणि १८६५ मध्ये पोर्ट लुईहून रोझ हिल, क्युरपीपवरून माहेबूरकडे जाणारी. पाठोपाठ १८६६-६७ मध्ये हिवतापाची भयंकर साथ आली. ज्यांना शक्य होते ते पोर्ट लुई सोडून उंचावर राहावयास गेले, आणि त्यांना ते जमले याचे कारण गाडी होती. रोझ हिल, कात्र बोर्न, क्युरपीप येथील बाजार स्थानकाच्या आसपास वाढले. १९५६ मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या आणि १९६४ मध्ये रेल्वेच संपली. रूळ उखडले गेले, पण बाजार जागचे हलले नाहीत, कारण गाडीची जागा बसने घेतली होती आणि बसची स्थानकेही तेथेच राहिली. गावोगावी चिनी दुकानदाराची बुतिक होतीच. उसाच्या कापणीपर्यंत वहीवर उधार मांडून तिने आपल्या कितीतरी घरांची चूल पेटती ठेवली.

मग महामार्गाचे युग आले. २०११ मध्ये मोकाजवळ महामार्गाच्या काठी बगातेल मॉल उघडला. तो अल मवालेहच्या सिटी सेंटरचा सख्खा भाऊ म्हणावा असा आहे. गावाच्या मध्यभागी नाही, तर वाटांच्या सांध्यावर. आपल्यापैकी कोण तेथे जात नाही? आम्हीही जातो. पण तेथे जाण्याचा दिवस आणि कात्र बोर्नच्या लाफ्वारला जाण्याचा दिवस यांत फरक आहे. लाफ्वारला विकणारा आणि विकत घेणारा दोघेही बसने आलेले असू शकतात.

आणि आता पुन्हा रूळ आले आहेत. मुंबईत १९३८ साली स्थापन झालेल्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने बांधलेली मेट्रो २०१९ मध्ये पोर्ट लुई ते रोझ हिल धावू लागली, २०२१ मध्ये कात्र बोर्नला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये क्युरपीपला पोचली. पुष्कळ ठिकाणी ती जुन्या रेल्वेच्याच वाटेवरून जाते. नातवंडे आज ज्या खिडकीतून बाहेर पाहतात, तीच वाट पणजोबांनी धुराच्या गाडीतून पाहिली होती. त्याच सुमारास क्युरपीपजवळ वूटन येथे भाजीसाठी राष्ट्रीय घाऊक बाजार उभा करण्यात आला. पोर्ट लुईत व्हिक्टोरिया स्थानकाच्या जागी नवे संकुल झाले आणि रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना त्यात जागा देण्याचा बेत आला.

म्हणजे अल मवालेहपुढे जे प्रश्न आले तेच आपल्यापुढेही आहेत. आमचा मेट्रोला विरोध नाही, नव्या घाऊक बाजारालाही नाही. उघड्या रस्त्यावर चिखलात भाजीचा लिलाव व्हावा आणि उरलेला माल दुपारी सडून जावा, हे कोणालाच भूषणावह नाही. नगररचनाकारांचे म्हणणे या बाबतीत रास्त आहे. आमचे म्हणणे एवढेच की, बाजार हलवताना मालमोटार कशी येईल याचा आराखडा आधी निघतो आणि माणूस कसा येईल याचा मागाहून, बहुधा तक्रारी आल्यावर. हा क्रम उलटा व्हावयास हवा. बाजाराचे फाटक उघडण्याच्या दिवशी तेथे बस उभी पाहिजे, आणि तीही पहाटे, कारण भाजीवाला पहाटे निघतो.

दुसरे असे की, ट्रामचा डबा प्रवाशांसाठी बांधलेला असतो. त्यात मुंबईच्या लोकलसारखा मालाचा डबा नसतो. तेव्हा ज्या बसमार्गांवर आपले भाजीविक्रेते आजवर पोती-टोपल्या घेऊन गेले, ते मार्ग मेट्रो आली म्हणून तोडू नयेत. स्थानकाला जोडणारी बस प्रवाशाच्या सोयीची असते, पण टोपली घेऊन दोन ठिकाणी चढउतार करणाऱ्याला ती सोय ठरत नाही.

तिसरे, मेट्रोच्या स्थानकालगतच्या जागा कोणाला मिळणार हे आताच पाहावे लागेल. स्थानक आले की आसपासच्या जागेचे भाडे चढते, हा सर्व देशांतला अनुभव आहे. थांबणाऱ्या माणसामुळे दुकान चालते खरे, पण भाडे चढले की तेच दुकान आधी मिठाईवाल्याच्या आणि चपला शिवणाऱ्याच्या हातून जाते. नगरपालिकांनी स्थानकांभोवती लहान गाळे, तेही परवडणाऱ्या भाड्याने, राखून ठेवले पाहिजेत. आणि आपल्या माणसांनीही गाळ्यांसाठीचे अर्ज निघतात तेव्हा वेळेवर करावेत. मागाहून हळहळण्याची आपली जुनी सवय आहे.

चौथी गोष्ट सरकारची नव्हे, आपलीच. २००५ पासून आपल्याकडे वृद्धांना आणि विद्यार्थ्यांना बसप्रवास विनामूल्य आहे. या सवलतीमुळे आपल्या घरची आजी आजही एकटी बाजारात जाऊ शकते, भाव विचारू शकते, ओळखीच्या माणसाकडून कोथिंबिरीची जुडी जास्तीची मागून घेऊ शकते. अल मवालेहच्या आजीला हे सहज साधत नाही. पण बस आणि पायवाट असूनही आपण सारे आठवडाभराचे सामान मोटारीत भरून महामार्गाच्या काठावरूनच आणू लागलो, तर गावातला बाजार टिकवण्याची अपेक्षा सरकारकडून करण्यात अर्थ नाही. वाट बांधते सरकार, पण तिच्यावरून कोणत्या बाजाराकडे जायचे ते आपण ठरवतो. जवळच्या बाजारात महिन्यातून दोन खेपा अधिक घालणे कोणालाही कठीण जाऊ नये.

कांद्यापासून आम्ही आरंभ केला होता. पुढील वेळी तो महागला, तर भारताच्या निर्यातबंदीचा शोध जरूर घ्यावा. त्याबरोबर हेही विचारावे की, तो आपल्या बेटावर कोणत्या आवारात उतरला, तेथून त्याला आणायला किती भाडे पडले, आणि जी बाई तो आपल्या दारात विकते ती आज पहाटे कोणत्या बसने गेली होती. ती बस ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी कोणी बातमी देणार नाही. तिची नोंद आपणच ठेवली पाहिजे.